ट्रकला हात कोणी लावायचा

हार्लन शिडीवरून पडला आणि उजवं मनगट मोडून बसला, त्याच आठवड्यात त्याच्या जुन्या ट्रकचं स्टिअरिंग बिघडलं. वेग कमी केला की हातातलं चाक मध्येच दगडासारखं जड व्हायचं, आणि पुढच्याच वळणावर इतकं हलकं की ट्रक भलतीकडे तोंड फिरवायचा. त्याच्या बायकोने, कोरिनने, एकदा अंगणात शिरताना टपालाची पेटी आडवी केली, तेव्हा हार्लनने निदान सांगून टाकलं. चाक किती फिरतंय ते मोजणारा, स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाचा सेन्सर गेला होता.

गावातला मेकॅनिक मक्याची कापणी संपेपर्यंत मोकळा नव्हता. नेब्रास्कात त्या दिवसांत दुसरं काही ऐकायलाच मिळत नाही. सेन्सर मागवला, तो आला, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडून राहिला.

"रोडाला फोन केलाय," हार्लन एका संध्याकाळी सहज म्हणाला. "शनिवारी येऊन बसवून देते म्हणाली."

कोरिन बटाटे सोलत होती. तिचा हात थांबला.

"कोण रोडा?"

"अगं, कोण म्हणजे? आपली रोडा."

आपली! रोडा म्हणजे हार्लनची पहिली बायको. बारा वर्षं या घरात नांदलेली. वीस मैलांवर एकटी राहायची आणि ट्रॅक्टर दुरुस्त करून पोट भरायची. हा ट्रकही तिनेच लिलावात हेरला होता. घटस्फोटात तो हार्लनकडे राहिला, पण त्यातली एकूण एक तार तिच्या ओळखीची.

"दुसरं कोणी मिळालं नाही?"

"फुकटात, आणि शनिवारी? तूच सांग."

 कोरिनने हातातल्या बटाट्याची सालच काय, अर्धा गरही काढून टाकला.

चार वर्षं झाली होती लग्नाला. रोडाचं नाव निघालं की हार्लनच्या आवाजात वेगळं काही येत नसे, आणि तेच तिला जास्त टोचायचं. शुक्रवारी रात्रभर तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. ती बाई तिच्या अंगणात, तिच्या नवऱ्याच्या ट्रकमध्ये उताणी पडलीय, आणि हार्लन बाहेर उभा राहून तिच्याशी हसतोय.

शनिवारी सकाळी शेजारी हार्लनला मनगटाचा एक्स-रे काढायला घेऊन गेला. रोडा यायला अवकाश होता. कोरिनने फोनवर व्हिडिओ लावला, हत्यारांची पेटी ओढत नेली आणि ट्रकचं दार उघडलं. ती बाई येईल तेव्हा काम झालेलं असेल. कॉफी देईन, म्हणेन, 'उगाच तसदी झाली तुम्हाला.' हे वाक्य तिने दोनदा मोठ्याने म्हणूनही पाहिलं.

काम जमतही गेलं. तिने बॅटरीची तार सोडवली. पेडलांच्या वर डोकं खुपसून दांड्याच्या सांध्याचा बोल्ट काढला, सांधा खाली सरकवला, आणि जुना सेन्सर दांड्यावरून कड्यासारखा हातात आला. कोपर सोलवटलं होतं, केसांत धूळ होती, पण ती मनापासून खूश झाली. मग चाक नेमकं सरळ कुठे येतं ते पाहायला तिने ते फिरवलं. खाली सांधा सुटलेला, त्यामुळे चाक कुठे अडेचना. ती फिरवत गेली, फिरवत गेली, आणि आतून 'कट्' असा बारीक आवाज आला.

तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. हार्लनचा म्हातारा कुत्रा कोरिनच्या हाकेला कधी कान हलवत नसे, तो आज शेपूट हलवत धावला.

"अरे बाबा, अजून जिवंत आहेस तू?" रोडाने त्याला कुरवाळलं. उंच, पिकल्या केसांची, मनगटं पुरुषासारखी. मग तिने ट्रकमध्ये डोकावून पाहिलं. "अर्धं काम केलंस की! चाक बांधलं होतंस ना?"

"बांधायचं असतं?" कोरिनने विचारलं.

रोडाने चाक हाताने हलवून पाहिलं आणि ओठ आवळले. "चाकामागे तारांची एक पट्टी गुंडाळलेली असते. हॉर्नची, एअरबॅगची. चाक जास्त फिरलं की तुटते. व्हिडिओवाले हे सांगत नाहीत."

कोरिनच्या कानांच्या पाळ्या तापल्या. रोडाने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. उलट उत्तर तरी देता आलं असतं. पण तिने चाक मधोमध आणलं, सीटबेल्टने करकचून बांधलं आणि नवा सेन्सर बसवायला घेतला.

हार्लन परतला तेव्हा ट्रक चालू होता. त्याने डाव्या हाताने चाक फिरवलं आणि खुलला. "लोण्यासारखं फिरतंय!" मग हॉर्न दाबला. हॉर्न गप्प. समोर एअरबॅगचा दिवा लाल.

कोरिनने तोंड उघडलं, पण रोडा आधी बोलली.

"माझी चूक. चाक बांधायला विसरले. पट्टी नवी लागेल, आणि तोवर ट्रक लांब नेऊ नकोस."

हार्लनने रोडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाला.

रोडा जेवायलाही थांबली. चमचे हवे होते तेव्हा नेहमी अडकणारा खण तिने न बघता ओढला, आणि तो मुकाट्याने उघडला. कोरिनच्या हातून तो चार वर्षांत एकदाही झटका दिल्याशिवाय उघडला नव्हता.  त्या बाईने तिला वाचवलं होतं, आणि आता दोघींमध्ये एक गुपित होतं. तिला ते नको होतं. नवऱ्याची बोलणी परवडली, पण रोडाचा मोठेपणा नको.

संध्याकाळी सूप वाढताना तिने सांगून टाकलं. "पट्टी मी तोडली. ती खोटं बोलली."

"ठाऊक आहे," हार्लन म्हणाला.

"कसं?"

"बारा वर्षांत 'माझी चूक' हे शब्द तिच्या तोंडून ऐकले नाहीत मी. ट्रक मागे घेताना कोठाराला धडकवला, तेव्हा म्हणाली, कोठार चुकीच्या जागी बांधलंय."

कोरिनला हसू आलं आणि तसंच ते विरलंही. एका वाक्यावरून खोटं पकडण्याइतका हा त्या बाईला ओळखतो.

"आणि मी खोटं बोलले तर ओळखशील?"

"तुला खोटं बोलावंच लागत नाही. दुपारपासून तुझे कान टोमॅटो झालेत. मला वाटलं, आता सांगशील, मग सांगशील."

हे ऐकून तिला बरं वाटलं, पण पुरतं नाही.

पुढच्या आठवड्यात पट्टी आली. "ही मीच बसवणार," कोरिनने बजावलं, आणि हार्लन खुर्ची टाकून बघत बसला. तिने बॅटरी सोडवली, एअरबॅगमधली उरलेली वीज उतरेपर्यंत थांबली, एअरबॅग उतरवली, पण चाक काही केल्या दांड्यावरून निघेना. त्याला ओढून काढणारा पुलर लागतो. दात आवळून तिने स्वतःच रोडाला फोन लावला.

"तुमच्याकडे पुलर आहे का?"

"आहे, पण तो तुमच्याच शेडमध्ये. मागच्या फळीवर, रंगाच्या डब्यांमागे. माझाच तो, न्यायचा राहिला."

पुलर तिथेच होता. इतकी वर्षं तिच्या शेडमध्ये त्या बाईची वस्तू पडून होती आणि तिला पत्ताही नव्हता. तिने तो पुलर लावला, बोल्ट पिळला. चाक सुटलं, पट्टी बसली, दुपारी हॉर्न इतका जोरात वाजला की कुत्रा पायरीखाली घुसला. हार्लनने डाव्या हाताने मांडीवर टाळी वाजवली.

कोरिनने हात धुतले नाहीत. पुलर फडक्याने पुसला, शेजारच्या सीटवर ठेवला आणि वीस मैल ट्रक हाकत नेला. चाक दोन बोटांवर फिरत होतं.

रोडा दारात आली, पुलरकडे बघून म्हणाली, "अगं, एवढ्यासाठी आलीस? राहू द्यायचा होतास तिथेच."

"नाही," कोरिन म्हणाली, "मी आता माझा घेणार आहे."

रोडाने तिच्या काळ्या नखांकडे पाहिलं, पुलर घेतला, आणि कॉफीचं विचारलं. कोरिन नको म्हणाली. ट्रकशी पोचल्यावर मात्र ती वळली आणि तिथूनच ओरडून म्हणाली, "तो खण कसा उघडता, तेवढं सांगा!"