तीन कुलपांना एक चावी

त्या कारखान्यात बोलायची रीत नव्हती, ओरडायचीच होती. तीन प्रेस दिवसभर पत्र्यावर घाव घालत आणि त्यांच्यावर आवाज चढवता चढवता सगळ्यांचीच डोकी तापलेली असत. फोरमन तर तोंडाआधी हात उचलायचा. मागच्या आठवड्यात त्याने बिजागरीवाल्याच्या अशी कानाखाली वाजवली की तो गडी दिवसभर एकाच कानाने ऐकत होता. तरी मालक त्याला काढत नव्हता. डब्यांची झाकणं, दारांच्या बिजागऱ्या आणि बादल्या अशा तीन ऑर्डरी एकदम अंगावर घेणारा खुळा दुसरा कुठे मिळणार? ‘एक ना धड, भाराभर चिंध्या,’ असं जुने कामगार म्हणत, पण त्याच्या पाठीमागे.

बादल्यांच्या मोठ्या प्रेसवर फोरमनचा मेहुणा होता. आईबाप गेल्यावर बहिणीनेच त्याला लहानाचा मोठा केलेला. त्याला कामाला लावताना ती नवऱ्याला म्हणाली होती, “शिव्या घाला, दोन ठेवून द्या, पण संध्याकाळी तो धड घरी आला पाहिजे.” फोरमन जगात कुणाला भीत नसे, पण बायकोच्या ह्या वाक्याला भीत असे.

साच्यात हात घालायचा तर आधी मशीनची चावी आपल्या खिशात टाकायची, असा तिथला जुना नियम. हात बाहेर आल्यावरच चावी बाहेर. पण तीन कामं एकदम गळ्यात पडल्यावर चाव्या कोण शोधत बसणार? फोरमनने तिन्ही मशीनचे कुलूपवाले स्विच आपल्या टेबलामागच्या भिंतीवर आणून बसवले आणि तिन्ही कुलपांना लागेल अशी एकच चावी करून घेतली. ती त्याच्या खिशात. मालकाने पाठ थोपटली आणि तो फुगला.

त्या दिवशी मोठ्या प्रेसमध्ये पत्रा अडकला. फोरमनने वीज तोडली. प्रेस अर्ध्या घावावर थांबली.

“दाजी, चावी द्या,” मेहुणा म्हणाला.

“माझ्या खिशात आहे म्हणजे तुझ्याच खिशात आहे. घाल हात.”

मेहुण्याने हात घातला. तेवढ्यात फोन वाजला. झाकणांचं गिऱ्हाईक आईमाईवरून शिव्या देत होतं, फोरमन दुपटीने परत देत होता. बिजागरीवाल्याने नवा पत्रा चढवायला आपली प्रेस बंद करून घेतली होती. तो तिकडून ओरडला, “झालं, चालू करा.” मालक जिन्यावरून गरजला की बिजागऱ्यांची गाडी दारात उभी आहे. फोन खांद्याने कानाशी दाबून, तोंडाने शिव्या देत, फोरमनने मागे न बघता भिंतीवर हात नेला आणि चावी फिरवली. एकच चावी. ती कुठल्याही कुलपात फिरायची.

अर्ध्यावर थांबलेली प्रेस वीज आली की राहिलेला घाव पुरा करते.

किंकाळी नीट ऐकूसुद्धा आली नाही. झाकणं पडत होती, गिऱ्हाईक बोलत होतं. फोरमनने वळून पाहिलं तेव्हा मेहुणा प्रेसला चिकटून उभा होता आणि पत्र्यावरून रक्ताची धार जमिनीवर येत होती.

सगळ्यांनी मिळून त्याला सोडवलं. सुटला तो मेहुणा, हात साच्यातच राहिला.

दवाखान्याची गाडी त्याला घेऊन गेल्यावर मालकाने फोरमनला बाजूला ओढलं. “हे बघ, त्याने न विचारता हात घातला असं सांगायचं. तूही वाचशील, मीही वाचेन.” फोरमनने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. मालक खाली पडला तरी तो छातीवर बसून मारत राहिला. दात पडले, ओठ फाटला. चौघांनी उचलला तेव्हा कुठे तो थांबला.

दवाखान्यात बायको भावाच्या खाटेशी उभी होती. रडत नव्हती. “कसं झालं?” तिने विचारलं.

ज्या वाक्यासाठी त्याने मालकाचे दात पाडले होते, तेच वाक्य आता त्याच्या जिभेवर आलं. त्याला स्वतःची शिसारी आली.

खाटेवरून मेहुणा पुटपुटला, “मीच ताई. न विचारताच हात घातला.”

ह्या पोराला फोरमन घरात, कारखान्यात, येता जाता टपल्या मारत आला होता.

“खोटं बोलतोय तो,” तो म्हणाला. “चावी मागितली होती त्याने. मी दिली नाही. मीच मशीन चालू केली.”

बायको जवळ आली आणि तिने त्याच्या तोंडावर मूठ हाणली. मग दुसरी. लग्नानंतर तिने कधी त्याच्यावर आवाज चढवला नव्हता. ती छातीवर, गळ्यावर, जिथे लागेल तिथे मारत सुटली आणि तो हात खाली सोडून उभा राहिला. त्याचं नाक फुटलं. नर्स धावत आली, पण तिला आवरेना.

“ताई, नको ना,” म्हणत मेहुणा कसाबसा उठून बसला आणि तिला धरायला त्याने उजवा हात पुढे केला. पट्टी मनगटाशीच संपत होती. पुढे धरायला काही नव्हतं.

ते तिने पाहिलं. क्षणभर थांबली आणि पुन्हा नवऱ्याला मारू लागली.