मी रणगाड्यांना बिटाच्या शेतात पाठवलं

मित्रांनो, मी रस्त्यावरची एक जुनी, पिवळी, टोकाला वाकलेली पाटी आहे. 'मित्रांनो' हा शब्द मी जपून वापरते, कारण रणगाडेवालेही आम्हाला असंच म्हणत होते.

माझा जन्म चेकोस्लोव्हाकियातला. अंगावर 'प्राग' हे नाव आणि एक बाण. उभं राहायचं आणि खरं बोलायचं, एवढंच माझं काम. ते मी इतकं चोख केलं की एका बिअरच्या ट्रकवाल्याने उतरून माझा मुका घेतला होता.

आमच्या शेजारी सोव्हिएत युनियन नावाचा अवाढव्य कम्युनिस्ट देश होता. पेपरात काय छापायचं, कारखान्यात काय बनवायचं, खुर्चीवर कोण बसायचं, सगळं त्याला विचारून ठरायचं. न विचारता केलं तर तो मदतीला यायचा. हंगेरीला आधीच मदत करून झाली होती. तिथले लोक अजून सावरत होते.

१९६८ साली आमचे लोक जरा मोकळं बोलू लागले. ऑगस्टात मदत आली, रणगाड्यांतून. सोबत इतर शेजाऱ्यांच्या फौजाही होत्या. त्यात हंगेरीसुद्धा!

रेडिओवरून निरोप आला, की रस्त्यांवरच्या पाट्या काढा. कॉलेजात शिकणाऱ्या व्लास्ताने मला काढलं नाही, फक्त उलटं फिरवलं. रणगाड्यावरच्या अधिकाऱ्याने नकाशा पाहिला, मला पाहिलं आणि माझ्यावर विश्वास ठेवला. सरकारी पाटी खोटं कशाला बोलेल? अख्खी रांग बिटाच्या शेतात जाऊन रुतली. आयुष्यातलं माझं ते एकमेव खोटं, आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही.

तरी फौजा वीस वर्षांहून जास्त राहिल्या. व्लास्ता मला घेऊन कॅनडात आली. तिच्या देशातलं तिच्यापाशी माझ्याशिवाय काही उरलेलं नाही.

आता मी हॅलिफॅक्समध्ये तिच्या अंगणात उभी असते. शेजारी जयंतीताई आणि दिलीपराव, हे रिटायर्ड जोडपं. कोपऱ्यावर वसाहतीच्या समितीचा अध्यक्ष उन्मेष, पुण्याचा सॉफ्टवेअरवाला. त्याने सगळ्यांची दारं एकाच राखाडी रंगाची करून घेतली. मग त्याची नजर माझ्यावर पडली.

"काकू, तुम्ही व्लास्ताला समजवा ना," तो जयंतीताईंना म्हणाला. "ती पाटी रूल्समध्ये बसत नाही. शुक्रवारी माणूस पाठवतो. फ्रीमध्ये काढेल, रीसायकलिंगला नेईल. मी हेल्पच करतोय!"

"हेल्प म्हटलं की तिला धडकी भरते रे," जयंतीताई म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी सगळ्या शेजाऱ्यांनी आपापल्या दारावरचे नंबर काढून टाकले. जयंतीताईंनी माझ्यावर ओली साडी वाळत घातली. तेही नियमात बसत नव्हतं.

ट्रकवाला दोनदा फिरला. सारखी दारं, नंबर नाहीत. त्याने स्पीकरवर फोन लावला. उन्मेष ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. "दारावर ऑरेंज फुलांची माळ आहे बघ," तो कुजबुजला. "त्याच्या शेजारचा साइन. जस्ट पुल इट आउट."

झालं! माळ म्हणजे जयंतीताईंचं तोरण.

"अहो, तोरण काढा आधी!" त्या ओरडल्या.

"चढतोय ना! स्टूल डगमगतंय!"

"मी धरलंय. तुम्हीच डगमगताय!"

तोरण निघालं. ट्रकवाला वळून बघेपर्यंत दार राखाडी आणि बोडकं. मग त्याला कोपऱ्यावर झेंडूची माळ दिसली. ती उन्मेषच्या बायकोने, ईशिताने, लावली होती. मराठी माणसाच्या दारावर तोरण असतं, हे मराठी माणूसच विसरला होता. त्या दाराशेजारी एक साइनही होता: 'समितीचे नियम पाळा'. ट्रकवाल्याने तो मुळासकट उपटला आणि नेला.

संध्याकाळी उन्मेष आला. "काकू, माझा बोर्ड कुठे गेला?"

"तुला हेल्प झाली रे," जयंतीताई म्हणाल्या.

व्लास्ता इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं.

मित्रांनो, जुन्या पाट्यांची काळजी घ्या. आम्हाला धुवा, रंग द्या, गंजू देऊ नका. पण माझा खालचा बोल्ट फार आवळू नका. पुन्हा कधी वळावं लागेल, सांगता येत नाही.