डोळेवालीची पापणी

जाग आली की अंथरुणातून उठायच्या आधी डोळेवाली पापण्या चाचपायची. चार महिने झाले, हाच तिचा नेम. त्या मंगळवारी उजवी पापणी उघडायलाच तयार नव्हती. कोमट पाण्याचा बोळा धरधरून तिने ती सोडवली, आरशात पाहिलं आणि आरशातल्या बाईला म्हणाली, "तू कोण गं भवाने?" कुणीतरी रात्रभर बुक्क्या मारल्यात असा चेहरा. पापण्या लालबुंद, कडांना पापुद्रे सुटलेले. आणि खाज तर अशी, की नखं मुळापर्यंत कापली तरी बोटं आपसूक वर जायची.

लोक तिला डोळेवाली म्हणत, कारण ती डोळे करायची. अपघातात, आजारात ज्याचा डोळा गेला त्याच्या रिकाम्या खोबणीत बसणारा डोळा. प्लास्टिकचं पांढरं कवच, त्यावर माणसाच्या दुसऱ्या डोळ्याकडे बघून रंगवलेलं बुबुळ, आणि लाल रेशमाचा धागा पिंजून त्याचा एकेक तंतू चिकटवून केलेल्या शिरा. वर पारदर्शक थर. मग उकळायचं, घासायचं, चकाकी आणायची. घराच्या मागच्या खोलीत बावीस वर्षं हेच.

काम तिला सासऱ्यांनी शिकवलं. त्यांनी आधी मुलाला शिकवायचा घाट घातला होता. मुलाने नमुन्याच्या डोळ्यांचा खण उघडला, एकशे चाळीस डोळे एकदम आपल्याकडे बघतायत हे पाहिलं आणि जो पळाला तो थेट हवामान केंद्रात नोकरीला लागला. नवी सून मात्र त्या खणापुढे उभी राहिली ती राहिलीच. तपकिरी म्हणून जो रंग ती ओळखत होती, त्यात सोनेरी, हिरवा, राखी, मातीचा, सगळे होते. दोन डोळे सारखे नव्हते. सासरे म्हणाले, "चहा गार होतोय, सूनबाई." ती म्हणाली, "होऊ द्या."

तर अशा बाईचेच डोळे बिघडले, म्हणजे जगाला चघळायला विषय मिळाला. आणि सगळ्यांचं बोट एकाच जागी, तिच्या ताटाकडे. बाईमाणूस आजारी पडलं की आधी तिने काय गिळलं ते विचारायचं. दिवसभर कशात हात घालते, हे विचारायला कुणाची जीभ वळत नाही. नणंदेने फोनवर निकाल दिला, "वहिनी, दूध बंद करा." शेजारणीने वांगी बंद केली. औषधाच्या दुकानदाराने मलमाबरोबर फुकटात अंडी, टोमॅटो आणि शेंगदाणे बंद केले. डोळेवाली भातावर मीठ घालून जेवायला लागली तरी पापण्या आपल्या फुगलेल्याच.

नवऱ्याने मात्र शास्त्र आणलं. तीस वर्षं पाऊस, वारा, ऊन यांच्या नोंदी ठेवलेला माणूस. त्याने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बायकोच्या नोंदी सुरू केल्या. खाण्याला निळी खूण, सुजेला लाल. दुसऱ्या महिन्यात त्याला सापडलं. मासे खाल्ले की दुसऱ्या सकाळी सूज.

"बघ," तो म्हणाला, "एकदा नाही, सातदा. आमच्या खात्याचा अंदाज तरी चुकतो. हा चुकत नाही."

"मग आता मासेही गेले," ती म्हणाली. "आता तुम्हालाही सोडते, एवढंच उरलंय."

"मला आधीच सोडलंयस. त्या टेबलाशीच संसार तुझा."

मासे बंद झाले. सूज बंद झाली नाही. नेहमीसारखी येतच राहिली. नवरा कॅलेंडरसमोर उभा राहून डोकं खाजवू लागला. त्याला वाटलं, बायको चोरून खातेय.

तिला मात्र खाण्यापिण्याचं काही वाटत नव्हतं. तिची काळजी वेगळीच होती. दोन महिन्यांपूर्वी तिने पास केलेला डोळा एका माणसाला टोचला. त्याच्या पापणीला आतून जखम झाली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्या माणसाने डोळा रुमालात गुंडाळून टेबलावर ठेवला आणि तो गेला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि आता शाळेतल्या बाईंचा डोळा हातात होता. बाईंचा डावा डोळा अपघातात गेला, त्याला वर्ष झालं. वर्षभर त्या वर्गात गेल्या नव्हत्या. येत्या सोमवारी शाळा उघडणार होती. "पट्टी बांधून मुलांसमोर उभी राहणार नाही," त्या म्हणाल्या होत्या, "आणि तुम्ही दिला नाहीत तर मी परत कधीच उभी राहणार नाही. स्पष्ट सांगते." डोळेवालीने दोन डोळे केले आणि दोन्ही फेकले. पाणावल्या डोळ्यांनी रंग चुकत होता. तिसरा त्या मंगळवारी सकाळी उतरला. रंग जुळला. पास व्हायचा तेवढा बाकी होता.

तो डबीत घालून, नवऱ्याला आणि त्याच्या कॅलेंडरला बरोबर घेऊन ती कातडीच्या डॉक्टरणीकडे गेली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि वटवट करत नव्हत्या. त्यांनी भिंग धरून पापण्या पाहिल्या. "पापण्यांना काय लावता? काजळ, क्रीम, रंग?"

"काही नाही."

"हातांनी चोळता?"

"खाजतं तेव्हा. पण सूज आधी येते."

नवऱ्याने कॅलेंडर उलगडलं आणि सगळं समजावून सांगितलं, निळं, लाल, सातपैकी सात. डॉक्टरीणबाई पानं उलटत वाचू लागल्या. वाचायला वेळ लागत होता. डोळेवालीला रिकामं बसवत नसे. तिने डबी उघडली, डोळा काढला, स्वतःचे डोळे मिटले आणि तो डोळा आपल्या उजव्या पापणीवर हळूहळू फिरवू लागली.

डॉक्टरीणबाईंचा हात पानावरच थांबला.

"तुम्ही हे काय करताय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तपासतेय. गुळगुळीत झालाय का."

"पापणीवर?"

"मग कशावर? बोटं रापलेली असतात, त्यांना कळत नाही. सासरे सांगून गेलेत, पापणीखाली बसायचं त्याची परीक्षा पापणीनेच घ्यायची."

"किती वर्षं?"

"बावीस."

"मी विचारलं तेव्हा काही लावत नाही म्हणालात."

"लावत नाहीच. हे काम आहे."

डॉक्टरीणबाईंनी कॅलेंडर तिच्याकडे फिरवलं. "मासे कधी करता घरी?"

उत्तर नवऱ्याने दिलं. "डोळा पुरा झाला की. बाबांच्या वेळेपासूनची पद्धत. डोळा पुरा झाला की त्या दिवशी मासे..." आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. सातपैकी सात. माशांच्या दिवशी डोळा, डोळ्याच्या दिवशी पापणीची परीक्षा. खाणं थांबलं, काम थांबलं नव्हतं.

"म्हणजे बिचारे मासे..." तो पुटपुटला.

"बिचारे ते होतेच, तळले होते ना," डोळेवाली म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. नव्या प्लास्टिकात थोडं कच्चं रसायन मागे राहतं, चकाकी आणायच्या लेपाचा अंश राहतो, त्या म्हणाल्या. अंगाने ते बावीस वर्षं सोसलं आणि एक दिवस नाही म्हणालं. असं होतं. खात्रीसाठी त्यांनी पाठीवर चिकटपट्ट्या लावल्या, एकेकीखाली एकेका वस्तूचा कण. गुरुवारी पट्ट्या निघाल्या, शनिवारी पुन्हा पाहिलं. रसायनाच्या जागी लाल फोड. मासा, दूध, अंडं यांच्या तपासण्याही झाल्या. त्यांत काही निघालं नाही.

"आणि तो माणूस? ज्याला टोचला?" तिने विचारलं.

"सुजलेली पापणी जाड झालेली असते. तिला नीट कळत नाही. तुम्हाला गुळगुळीत वाटला, तो नव्हता."

चार महिने तिचा परीक्षकच खोटं बोलत होता आणि ती त्याच्या भरवशावर माणसं परत पाठवत होती.

"तुमच्या पापणीची परीक्षा बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कच्च्या मालाला चिमट्यानेच धरायचं, साधे हातमोजे पुरत नाहीत, कुठले घ्यायचे ते लिहून देते. हा डोळा पुन्हा चांगला उकळा आणि सोमवारपर्यंत पाण्यात ठेवा, म्हणजे त्यांनाही त्रास नको." मग दारापर्यंत आल्या. "एक सांगू? पापणीची कातडी कागदाइतकी पातळ असते. तिच्या जोरावर तुम्ही इतकी वर्षं काम केलंत. मला हे कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं."

सोमवारी उजाडताच शाळेतल्या बाई आल्या. केस विंचरलेले, पट्टी बांधलेली, हातात शाळेची पिशवी. डोळेवालीच्या पापण्यांची सूज उतरली होती, पण तिचं चित्त जागेवर नव्हतं. डोळा पाण्याच्या वाटीत होता आणि तो गुळगुळीत आहे की नाही हे तिला माहीत नव्हतं.

"बाई, खरं सांगते," ती म्हणाली. "मी हा तपासलेला नाही. तपासायची माझी रीत गेली. आता तुम्हीच सांगायचं. टोचलं तर लाजायचं नाही, कुरकुरायचं."

"मी शिक्षिका आहे. कुरकुरणं ऐकण्यात जन्म गेला."

डोळेवालीने मोजे घातले, चिमट्याने डोळा उचलला, वरची पापणी उचलून अलगद आत सरकवला. बाईंनी पापणी मिटली. थांबल्या.

"वर. कोपऱ्यात. घड्याळात दहा वाजतात तिथे."

डोळा बाहेर. तिथेच घासला, धुतला, आत. "आता दहावर नाही. अकरावर आहे. अगदी बारीक." पुन्हा बाहेर. अकराचं टोक डोळेवालीच्या बोटाला सापडेना, भिंगाखालीही दिसेना. पण बाई म्हणत होत्या आहे, म्हणजे होतं. तिने सांगितलं तिथे घासलं. दाराशी नवरा उभा होता. तरुणपणी या खोलीतून पळालेला माणूस श्वास रोखून बघत होता.

तिसऱ्यांदा बाईंनी पापणी मिटली आणि बराच वेळ उघडली नाही. मग म्हणाल्या, "आहे का आत?"

"आहे."

"मला कळत नाहीये."

त्यांनी पापणी उघडली. डोळा सुकलेला होता, खणातल्या एकशे चाळीस डोळ्यांसारखा. रंग अचूक, शिरा अचूक, आणि मेलेला. तेवढ्यात बाईंनी सहज डोळे मिचकावले. पापणी खाली आली, खालून ओल घेऊन वर गेली, आणि त्या ओलीने प्लास्टिकवर एक थरथरता, चमकता पडदा पसरला. खिडकीचा प्रकाश त्यात उतरला. डोळा बघायला लागला.

हे बावीस वर्षांत कितीदा घडलं असेल. पण डोळेवाली तेव्हा नेहमी स्वतःची कारागिरी बघत होती. आज पहिल्यांदा तिने पापणीकडे पाहिलं. कुणी न सांगता ती खाली जात होती, वर येत होती, वर्षभर रिकाम्या जागेवरही मिटत आली होती, आणि आज तिच्यापुढे काय ठेवलंय याची पर्वा न करता त्याला धूत होती, जिवंत करत होती. डोळे तिने केले. हे कुणी केलं?

"काय झालं?" बाईंनी विचारलं. "वाकडा बसलाय का?"

"नाही," डोळेवाली म्हणाली. "पुन्हा मिचकावा."

बाईंनी मिचकावले. मग पिशवी उचलून आरशाशी गेल्या, पाहिलं, पदर सारखा केला. "घंटा होईल," म्हणाल्या आणि रस्त्याला लागल्या, पट्टी टेबलावरच विसरून.

नवऱ्याने खिशातून पेन्सिल काढली आणि कॅलेंडरकडे वळला. "आज काय लिहू?"

"निळी खूण करा," ती म्हणाली. "आणि जाऊन मासे घेऊन या."