काकूंना विचारा

“नको! नको! नको!”

मागच्या दारातल्या खुर्चीतून काकू ओरडत होत्या आणि परसात काका केरसुणी घेऊन कोंबड्यांच्या मागे धावत होते. दिवस कलला होता. कोंबड्यांना खुराड्यात घालायचं होतं. एकीला आत ढकललं की दुसरी बाहेर यायची. तांबडी तर सरळ लाकडांच्या ढिगावर जाऊन बसली होती आणि तिथून मान वाकडी करून काकांची फजिती बघत होती.

“नको काय नको? मग काय माझ्या पलंगावर निजवू यांना?”

काकूंनी डावा हात उचलला आणि खाली दाबल्यासारखा केला. पुन्हा उचलला, पुन्हा दाबला. काकांना काही उमगलं नाही. ते पायरीवर बसले ते दम लागला म्हणून, बायकोचं ऐकलं म्हणून नव्हे.

आणि थोड्या वेळाने उजेड ओसरला तशा कोंबड्या एकेक करून आपणहून निघाल्या. शेवटच्या गाडीला रांग लावावी तशा खुराड्यात शिरल्या. तांबडीही उतरली, तिने अंग झाडलं आणि कुणाच्या सांगण्यावरून नाही, अशा तोऱ्यात आत गेली.

“म्हणजे नुसतं बसायचं होतं?”

“नको,” काकू म्हणाल्या. या वेळी त्यात ओरडा नव्हता. ‘आत्ता डोक्यात शिरलं का?’ असं काहीसं होतं.

आजारात काकूंची उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचाही गेली होती. राहिला तो एवढा एक शब्द. चहा हवा असला तरी नको, पाठीला उशी हवी असली तरी नको. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं कधीकधी. आत सगळं जागेवर असतं, तोंडाशी एवढंच येतं.

काकांचा जन्म बस चालवण्यात गेला होता. उजाडायच्या आत घर सोडायचं, दिवे लागल्यावर परतायचं. कोंबड्यांशी त्यांचा संबंध डब्यातल्या उकडलेल्या अंड्यापुरता. परसातलं राज्य काकूंचं होतं. गल्लीत कुणाची कोंबडी खुडूक होऊन बसली, कुणाची पिल्लं दगावायला लागली, की माणसं या मागच्या दाराशी यायची. संध्याकाळी जेवताना काकू ते सगळं सांगायच्या आणि काका ‘हं, हं’ करत जेवायचे. त्या ‘हं’मधलं आज त्यांना एक अक्षर आठवत नव्हतं.

आता त्यांची शिकवणी सुरू झाली, तीही एका शब्दाची. पाण्याचं भांडं उन्हात ठेवलं की तुटक नको. खुराड्यातला ओला भुसा तसाच राहिला की लांबलचक नको. एकदा काकू सारख्या बंबातल्या राखेकडे बोट दाखवत राहिल्या. काकांनी राखेने भांडी घासली. नको. बंब घासला. नको. शेवटी वैतागून त्यांनी राखेचं घमेलं परसाच्या कोपऱ्यात उपडं केलं, तर कोंबड्या धावत येऊन तिच्यात लोळायला लागल्या. राखेत लोळलं की त्यांच्या अंगावरच्या उवा-पिसवा झडतात, हे काकांना तेव्हा कुठे कळलं. काकू खुर्चीत गदगदून हसत होत्या. अर्ध्याच चेहऱ्याने, पण हसत होत्या.

मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला होती. सवड काढून यायची, आली की पदर खोचून घर लख्ख करायची. या वेळी जाताना म्हणाली, “बाबा, आईचं करता करता तुमचं कंबरडं मोडायची वेळ आलीय. त्यात या कोंबड्या कशाला? देऊन टाका. मी बघते कुणीतरी नेणारा.”

ती वावगं काही बोलत नव्हती. फक्त आईच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, आईच्या डोक्यावरून बोलत होती. हल्ली सगळेच तसं बोलत. डॉक्टर, शेजारीपाजारी, खुद्द काकासुद्धा.

“बघू,” काका म्हणाले.

काकूंनी मान परसाकडे वळवली. त्यांचा चहा तसाच निवून गेला.

त्यानंतर एका दुपारी पलीकडची शिवणकाम करणारी शेजारीण धावत आली. गळ्यात टेप तसाच, आणि काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेली पांढरी कोंबडी. काकूंचंच बघून तिने दोन-तीन कोंबड्या पाळल्या होत्या.

“काका, बघा ना हिला काय झालंय! सकाळपासून कोपऱ्यात फुगून बसलीय. शेपटी पाडलीय, दाण्याला तोंड लावत नाही. नुसती कुंथतेय. काकू असत्या तर…” ती चपापली. “म्हणजे, बऱ्या असत्या तर त्यांनाच विचारलं असतं हो.”

काका काहीतरी ठोकून देणारच होते. एवढ्या दिवसांत आपल्यालाही चार गोष्टी कळायला लागल्यात, असं त्यांना वाटू लागलं होतं. पण त्यांची नजर काकूंकडे गेली. काकू त्यांच्याकडे किंवा शेजारणीकडे बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या चादरीतल्या त्या मलूल तुऱ्याकडे, आणि त्यांची डावी बोटं मांडीवर हलत होती.

“मग विचार की,” काका म्हणाले. “ही काय समोर बसलीय.”

शेजारीण घुटमळली. मग काकूंसमोर उकिडवी बसली आणि तिने कोंबडी त्यांच्या मांडीवर ठेवली. काकांनी पंख धरले. काकूंचा डावा हात कोंबडीच्या पोटाखाली गेला, शेपटीशी थांबला, हळूच दाबून बघू लागला. डोळे मिटले होते. मग त्या बंबाकडे बघून म्हणाल्या, “नको.”

“राख?” काका म्हणाले.

“नको!”

“पाणी? गरम पाणी?”

काकूंनी श्वास सोडला. काकांनी टबात पाणी आणलं. काकूंनी त्यात बोटं बुडवली आणि झटकली. नको. काकांनी गार पाणी मिसळलं. पुन्हा बोटं बुडली आणि या वेळी पाण्यातच राहिली. शेजारणीने पांढरीला टबात बसवलं. आधी ती फडफडली, मग ऊब अंगात मुरली तशी डोळे अर्धवट मिटून गप्प बसली. काकूंचा हात सगळा वेळ तिच्या पाठीवर होता. पाणी निवायला लागलं की त्या काकांकडे बघायच्या आणि काका मुकाट्याने तांब्याभर ऊन पाणी आणून टबात घालायचे.

मग तिला टिपून कोरडं केलं. शेपटीखाली तेलाचं बोट फिरवलं. काकूंनी नजरेनेच दाखवलेल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, भुशाच्या खोक्यात ठेवलं. तिघंही वाट बघत बसले. शेजारीण गळ्यातला टेप बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

बऱ्याच वेळाने खोक्यातून कोंबडीचा आवाज आला. शेजारणीने वाकून पाहिलं आणि ती ओरडली, “घातलं! काकू, अडलेलं अंडं घातलं!”

तिने ते ओंजळीत आणलं. अंडं कसलं, कवच नसलेली मऊ पिशवी होती ती. काकूंनी ती तळहातावर घेतली, अंगठ्याने दाबली आणि शेजारणीसमोर धरली.

“नको?”

हा प्रश्न होता. काका तो समजावून सांगायला तोंड उघडणार, तोच शेजारीण म्हणाली, “पाव घालते हो, काकू. शिळा पाव. काम असलं की दुसरं काही करायला होत नाही.”

“नको!”

“नाही घालणार. कवचासाठी शिंपल्यांचा चुरा तुम्ही सांगितला होतात. संपला, तो आणलाच नाही.”

“नको, नको, नको…” काकूंनी बोट रोखलं. आवाज चढला, उतरला, मध्येच मऊ झाला. मान खाली घालून शेजारीण ऐकत होती. “हो काकू. आजच आणते. पाणीसुद्धा सावलीत ठेवते. हो, अंड्याची टरफलं भाजून, कुटून घालते. नाही विसरणार.”

दोघींपैकी कुणीही काकांकडे बघत नव्हतं. त्यांनी टब उचलला, परसात नेऊन ओतला आणि ते पायरीवरच बसले. आतलं रागावणं बराच वेळ चाललं होतं. मध्ये शेजारीण हसली. मग पुन्हा रागावणं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. “बाबा, कोंबड्यांसाठी माणूस मिळालाय. रविवारी टेम्पो घेऊन येईल. तुम्ही फक्त हो म्हणा.”

काकांनी खुराड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “कोंबड्या तुझ्या आईच्या आहेत. तिला विचार.”

“बाबा, अहो, ती काय सांगणार…”

“विचार तर.”

त्यांनी फोन काकूंच्या कानाशी धरला. आजारानंतर पहिल्यांदाच. मग मुलीचा बारीक आवाज आला, “आई?”

“आई, कोंबड्या देऊ का गं?”

“नको,” काकू म्हणाल्या. हा ‘नको’ मात्र त्या शब्दाच्या खऱ्या अर्थाचा होता. स्वच्छ, ठाम.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. “बरं, आई. नाही देत.” आणि मग मुलगी बोलायला लागली. ऑफिसातलं, घरातलं, आपल्या धाकट्या मुलाच्या दुखऱ्या दाताचं. इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं. काकू ऐकत होत्या, मध्ये मध्ये हळू नको म्हणत होत्या, आणि मुलगी त्याला उत्तर देत होती.

काकांचा हात अवघडून आला. त्यांनी आवाज न करता फोन दुसऱ्या हातात घेतला, तसाच काकूंच्या कानाशी धरला आणि ते उभेच राहिले.