तिसऱ्यांदा आलेली लाईट

दोन मिनिटं.

आप्पांच्या चंचीत सुपारी, चुन्याची डबी, अडकित्ता आणि चिनी मातीचे तीन तुकडे.

मैंदर्गी गावची लाईट लायनमन कुमार एका दमात सोडत नाही. सोडतो, बंद करतो, खांबाकडे बघतो. परत सोडतो, परत बंद. तिसऱ्यांदा सोडली की ती टिकणार, असं गावानं धरून ठेवलंय. कुमार असं कधी म्हणालेला नाही.

सोलापुरात, विजापूर रोडवर, दाताच्या दवाखान्याच्या वर तीन माणसांचं एक ऑफिस आहे. तिथे इन्व्हर्टर आहे.

"आमची ऋतू लायब्ररीत कामाला हाय." आप्पा, मुलीबद्दल, भेटेल त्याला.

*

सोलापूरच्या त्या ऑफिसात ऋतुजा लायब्ररीतच कामाला होती, फक्त त्या लायब्ररीत पुस्तकं नव्हती. ती कॉम्प्युटर प्रोग्रामची लायब्ररी होती, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांनी वापरायचा तयार तुकडा, आणि त्या लायब्ररीचं काम एवढंच, की वेळ झाली की हाक मारायची. दुसरा प्रोग्राम तिला सांगून ठेवतो, "मी कामाला जातो, दोन मिनिटांनी मला हाक मार, मग मी मोटर चालू करीन." लायब्ररी ते यादीत टिपून ठेवते. दोन मिनिटं झाली की हाक मारते आणि यादीतून खोडते. मधेच कुणी "राहू दे" म्हणालं, तर हाक न मारताच खोडते. कुणी राहू दे म्हणालंच नाही, तर मात्र आपणहून विचार करत नाही. तशी तिची रीत नाही.

याच लायब्ररीवर ऋतुजानं विहिरीच्या मोटरीची पेटी उभी केली. शेताला तीन फेज लाईट आली की पेटी दोन मिनिटं थांबते, विजेचा दाब स्थिर होऊ देते, मग मोटर चालू करते. आणि तसं केल्याचं सिमकार्डावरून सोलापूरला कळवते. पहिली पेटी तिनं स्वतःच्या वडिलांच्या विहिरीवर बसवली. ती चालली, तर मागोमाग आणखी चाळीस बसणार होत्या.

बसवताना आप्पांनी एकच विचारलं होतं.

"लाईट आली की मी मोटरीच्या दांड्याला ग्रीस भरतो. पाणी गळू नये म्हणून दोरी घट करतो. हात आत असतो माजा. मोटर लगीच उठली तर?"

"लगेच नाही उठणार, आप्पा. दोन मिनिटं आहेत तुम्हाला. माझा शब्द."

"आयतु," आप्पा म्हणाले. आयतु म्हणजे कानडीत 'झालं, ठरलं'. शब्द घेतला आणि चंची सोडली.

*

१०:०४:०० लाईट आली
१०:०४:४० लाईट गेली
१०:०५:१० लाईट आली
१०:०५:३० लाईट गेली
१०:०५:४५ लाईट आली
१०:०६:०० मोटर चालू

ऋतुजानं ऑफिसातल्या पडद्यावर शेवटच्या दोन ओळी परत वाचल्या. पंधरा सेकंद.

चूक कळायला तिला पंधरा सेकंदही लागले नाहीत. पहिल्यांदा लाईट आली तेव्हा ठरलेली हाक यादीत तशीच राहिली होती. लाईट गेल्यावर "राहू दे" म्हणणारी ओळ तिनं लिहिलीच नव्हती. लाईट गेली की पेटीच बंद पडेल, सगळं विसरेल, असा तिचा हिशोब. तो बरोबर होता. काल मात्र शेजारच्या टेबलावरच्या गुरुनं, निरोप मधेच तुटू नयेत म्हणून, पेटीत बॅटरी बसवली. तेव्हापासून पेटी काहीच विसरत नव्हती. आणि ऑफिसात तिची परीक्षा घेतली, तेव्हा इन्व्हर्टरमुळे लाईट एकदाही गेली नव्हती.

तिनं आप्पांना फोन लावला. वाजत राहिला.

१०:०७:१० मोटर चालू

"आता परत कशाला चालू?" गुरु खुर्चीवरून वाकला.

"दुसऱ्यांदा आलेल्या लाईटची हाक."

"म्हणजे अजून एक आहे?"

"पस्तीस सेकंदांनी."

तिनं परत फोन लावला. उचलला नाही. आईला लावला. सावित्रम्मा म्हणाली, "विहिरीवर गेलेत की. ग्रीसचा डबा घिऊन. का गं?"

"काही नाही अव्वा. जरा बघून ये ना."

"भाकरी तव्यावर हाय."

"अव्वा, जा."

१०:०७:४५ मोटर चालू

खालच्या दवाखान्यात दात कोरायचं यंत्र सुरू झालं. गुरु पाण्याची बाटली उघडून तिच्यासमोर ठेवून गेला. ऋतुजा आप्पांच्या उजव्या हाताचा विचार करत होती. त्याच हातानं ते तिच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सही करायचे, सावकाश, एकेक अक्षर.

१०:१३ ला फोन आला.

"काय गं, सारखं फोन करालीस? सदरा लिंबाला टांगला व्हता, फोन खिशात."

"आप्पा, हात कसा आहे?"

"हात? ग्रीसनं भरलाय."

"बोटं?"

"हाईत की. तुझी अव्वा पळत आली, तिनं बी मोजली. भाकरी जळली म्हणून बोंबलतीया हितं."

"मोटर... फिरली का?"

"पेटीत टक्क झालं. लवकर झालं, ह्यावेळंला. मंग परत दोनदा टक्क. मोटर फिरली न्हाय."

"का नाही फिरली?"

"काय की. यंत्र हाय. तू शब्द दिल्ता, म्हणून मी बिनघोर व्हतो."

*

दुरुस्ती एका ओळीची होती: लाईट गेली, तर जुनी हाक रद्द. ऋतुजानं आणखीही एक केलं. परीक्षेच्या टेबलाचा इन्व्हर्टर काढला आणि गुरुला कुमार व्हायला सांगितलं. गुरुनं बटण सोडलं, बंद केलं, छताकडे बघितलं, परत सोडलं. असं साठ वेळा. साठाव्या वेळी तो म्हणाला, "ह्या कुमारला पगार किती असेल?"

रविवारी ती मैंदर्गीला गेली. पेटीतला प्रोग्राम बदलला. मोटर का फिरली नाही ते शोधायला पेटीपासून मोटरीपर्यंत तार तपासत गेली. मधे भिंतीवर जुना मेन स्विच होता, तिच्या पेटीआधीपासूनचा. तिनं झाकण उघडलं. चिनी मातीचे तिन्ही फ्यूज जागच्या जागी, घट्ट. तिन्हींवर चुन्याची बोटं उमटलेली.

आप्पा बांधावर बसून चंची बांधत होते.

"सापडलं का?"

"नाही," ऋतुजा म्हणाली आणि झाकण लावलं. "आता मात्र नक्की दोन मिनिटं, आप्पा."

"आयतु," आप्पा म्हणाले.

पेटी बसवली त्या दिवसापासून, ग्रीसच्या डब्याला हात लावण्याआधी, आप्पा रोज तिन्ही फ्यूज काढून चंचीत टाकत होते.