ग्रंथालय सहायक, पद एक

उमेदवारांनी स्वखर्चाने उपस्थित राहावे.

कुलसचिवांच्या दालनाबाहेर एक बाक, बाकावर चौघे. प्रत्येकाला खात्री होती की उरलेल्या तिघांत कोणीतरी ‘आतला’ आहे. फक्त कोण, एवढंच ठरत नव्हतं.

नंदिनीचा संशय स्वानंदवर. मुलाखतीला आला आणि हातात साधी फाईल नाही! नुसता मोबाईल. अंकुश बूट हलवत होता; त्यालाही तोच खुपत असावा. प्रेमिला पहाटेच्या एसटीने रामटेकहून आलेली, ती सगळ्यांकडेच बघत होती.

नंदिनीला ही जागा हवीच होती. मार्चात वयाची अट ओलांडणार. पुढची जाहिरात तिच्यासाठी नव्हती.

अनुभव असल्यास प्राधान्य.

धोंडबा शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन आला.

“घे वं नंदिनी.”

एकच ग्लास. तीन माना वळल्या.

“ओळख दिसते,” प्रेमिला म्हणाली.

सहा वर्षं खालच्या ग्रंथालयात कंत्राटावर आहे, धोंडबाच्या पोरीला पुस्तकं काढून देते, बस. एवढं सांगायला नंदिनीने तोंड उघडलं. मिटलं. आणि हसली.

“चला गा,” अंकुश उठला. “नवरदेव ठरला आहे. आपण वऱ्हाडी.”

स्वानंद मोबाईल कानाला लावत त्याच्यामागे गेला. प्रेमिला रेंगाळली.

“खरं सांग वं, ठरलं आहे ना?”

“मी कशी सांगू?” नंदिनी म्हणाली, ग्लासात बघत.

प्रेमिलाही गेली. बाक अख्खा नंदिनीचा.

कोणतेही कारण न देता प्रक्रिया रद्द करण्याचा

धोंडबा आतून बाहेर आला तो डोकं खाजवत.

“बाकीचे कुठं गेले वं? साहेब म्हणते, तीन तरी उमेदवार पाहिजेत. एकटीची मुलाखत घेता येत नाही. चहा होईस्तोवर थांबतात, मंग रद्द.”

अधिकार विद्यापीठ राखून ठेवीत आहे.

ती पळाली. फाटकाबाहेरच्या टपरीवर तिघे तर्री-पोहे खात होते.

“चला परत. मायी काही सेटिंग नाही.”

स्वानंदने चमचाही थांबवला नाही.

“गिनती कमी पडली काय?” अंकुशने विचारलं.

नेम अचूक बसला. नंदिनीला आता खोटं बोलायला दम उरला नव्हता.

“हो. पडली.”

“मंग मघाशी काहून हसली?” प्रेमिला.

“तुम्ही जावं म्हणून.”

टपरीवाल्याने झारा कढईवर आपटला.

“लय पोचलेली आहेस,” म्हणत प्रेमिलाने प्लेट ठेवली. “चल. पण आत पहिले मी जाईन.”

अंकुशनेही हात पुसले. “इतकं खरं बोलून राहिली म्हणजे यातही काहीतरी आहे. पाहूनच घेतो.”

स्वानंद मात्र हलला नाही. “जा तुम्ही,” म्हणाला, आणि परत कुणाला तरी फोन लावला.

तिघे जिना चढू लागले. प्रेमिला पुढे, झपझप. नंदिनीची मुलाखत वाचली होती. धाप लागली होती, तरी अर्ध्या जिन्यात तिच्या मनात आलंच: ही बाई एवढ्या पटकन उठली कशी?