अण्णांची बंद स्कूटर

गणराजने स्कूटरच्या बाजूचं झाकण काढून फरशीवर ठेवलं आणि आधी जिन्याकडे, मग गेटकडे पाहिलं. साडेनऊ वाजले होते. अय्याज दहाला येणार होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. वॉचमन पाण्याची मोटर लावायला उठला तरी याच्या हातातला पाना सुटत होता. बापाची गाडी आपल्याच पार्किंगमध्ये उघडायला माणूस एवढा का भितो, असं कुणी विचारलं असतं तर त्याच्याकडे उत्तर होतं. ते उत्तर पुसून टाकायलाच तो खाली आला होता.

काल अण्णांची दशक्रिया झाली. मांडवातली निम्मी माणसं अण्णांच्या हाताखाली शिकलेली. आयटीआयमध्ये एकतीस वर्षं फिटरची वर्कशॉप सांभाळलेला माणूस. चाकणच्या कुठल्याही कंपनीत मेंटेनन्सला विचारा, ज्योतीराम सरांचा, म्हणजे अण्णांचा, एखादा विद्यार्थी निघणारच. डांगे चौकात गॅरेज चालवणारा अय्याज त्यांच्यातलाच. पुढाऱ्यांची भाषणं उरकल्यावर तो माइकपाशी गेला.

“सर मशीनला कान लावून सांगायचे, कुठलं बेअरिंग गेलंय. आम्ही खोलून बघायचो, तेच निघायचं. जॉब बिघडवला तरी कधी शिवी दिली नाही. ‘पुन्हा घे’ म्हणायचे, बस.” मग तो गणराजकडे वळला. “सरांची स्कूटर तीन महिने बंद आहे म्हणे. उद्या दहाला येतो, गणराजभाऊ. सरांची गाडी बंद राहिलेली मला नाही बघवत.”

सगळ्यांनी माना हलवल्या. मुंडण केलेल्या डोक्यावर ऊन घेत पुढे बसलेला गणराज मात्र आतून गार पडला. अय्याजला ती जागा सापडायला पाच मिनिटं पुरली असती. आणि तुटलेली वायर वेगळी दिसते, तोडलेली वेगळी, हे गॅरेजवाल्याला कुणी सांगावं लागत नाही.

वायर गणराजने तोडली होती.

गणराजची लेक तेजू बालवाडीत गेल्यापासून तिला शाळेत सोडणं-आणणं अण्णांकडे. सूनबाई सातला कामावर निघायची, म्हणून वेण्यासुद्धा तेच घालायचे. आयुष्यभर कानस धरलेले हात, पण दोन्ही वेण्या अगदी मापात, एक सूत इकडं-तिकडं नाही. मग मोतीबिंदू आला. डांगे चौकात गाडी दुभाजकाला घासली आणि तेजूचं कोपर सोलून निघालं. बायको म्हणाली, “तुम्ही सांगा त्यांना. मी सांगितलेलं बरं दिसणार नाही.”

गणराजला ते जमलं नाही. घरी अण्णा असले तरी आयटीआयची दोन वर्षं ते त्याचे सर होते, आणि सरांना ‘आता तुम्ही चालवू नका’ असं म्हणायला त्याची जीभ रेटेना. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रात्रीची जादा थर्ड शिफ्ट करून पहाटे आला तेव्हा पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. त्याने इग्निशनची वायर तोडली, दोन्ही टोकं लांब ठेवली आणि वरून जुनी काळी टेप गुंडाळली. ना बोलायची पाळी, ना वाईटपणा. चहा पिऊन झोपलासुद्धा गडी.

त्यानंतर अण्णा तेजूला चालत न्यायला लागले. दुपारी मात्र स्टूल घेऊन स्कूटरपाशी बसायचे. येणारे-जाणारे म्हणायचे, “सर, भंगारात घाला आता.” अण्णा हसायचे. आई, छबूबाई, तर गॅलरीतूनच सुरू व्हायची, “साऱ्या जगाच्या मशिनी नीट केल्या, आन् घरची एक गाडी व्हईना व्हय!” आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे गणराज. कंपनीच्या बसमधून उतरला की रोज विचारायचा,

“सापडला का फॉल्ट?”

“न्हाई अजून. तुला काय सुचतंय का बघ.”

“जुनी झाली, अण्णा. राहू द्या.”

एवढं बोलून तो जिना चढायचा. वर जाऊन जेवण गोड लागायचं नाही. मशीनच्या पोटातलं ऐकू येणारा हा माणूस, आणि आपण त्याला त्याच्याच डोळ्यांत अडाणी करून ठेवलं. उद्या सांगू, म्हणायचा. रविवारी सांगू. संक्रांतीनंतर एका सकाळी अण्णा उठलेच नाहीत. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. गणराजला वाटत होतं, आपणच मारलं.

आता ती टेप त्याच्या बोटांत होती. त्याने वेढे सोडवले. टोकं जोडायची, टेप लावायची, अय्याजसमोर एक किक मारायची आणि म्हणायचं, बघ, झाली आपोआप.

टेप निघाली. आत टोकं नव्हती.

वायर जोडलेली होती. तांब्याला सारखा पीळ देऊन, वर सोल्डर, कुठे गाठ नाही की टोक बाहेर नाही. असा जोड घालणारा माणूस या घरात एकच होता. त्यावर त्याने गणराजची तीच टेप होती तशी परत गुंडाळली होती. गणराजने खाली वाकून पेट्रोलचा कॉक पाहिला. तो बंद होता. त्याने तो उघडला, चावी फिरवली आणि किक मारली. चौथ्या किकला स्कूटर सुरू झाली.

आवाज ऐकून तेजू धावत खाली आली. उघडी वायर बघून जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबली.

“तुला माहीत होतं?” गणराजने विचारलं.

“टॉर्च मीच धरली होती.”

“कधी?”

“बंद पडली ना, त्याच दिवशी. शाळेतून आल्यावर. आजोबा म्हणाले, पप्पांना बोलायचं नाही. आणि म्हणाले, पप्पांचं बरोबर आहे, आपण आता चालतच जाऊ.”

“अगं, मग रोज इथे बसून करत काय होते?”

“काही नाही. मला पाढे विचारायचे.” तेजूने फ्रॉकची कड बोटाला गुंडाळली. “तुमची बस यायची वेळ झाली की झाकण उघडायचे.”

“कशाला?”

“मी पण विचारलं. म्हणाले, उघडं दिसलं म्हणजे पप्पाला सांगायला सोपं जाईल.”

गणराज स्टुलावर बसला. स्कूटर धूर सोडत चालूच होती. तीन महिने, रविवार सोडले तरी सत्तर-पंचाहत्तर वेळा, त्या माणसाने त्याच्यापुढे विषय काढून ठेवला होता. आणि हा ‘जुनी झाली’ म्हणून वर जेवायला गेला होता.

गेटमधून अय्याज आला, खांद्याला पान्यांची पिशवी. स्कूटर चालू बघून त्याचा चेहरा फुलला.

“वा, भाऊ! आधीच केलीत? कॉइलला जाणारी वायर असणार. जुन्या गाड्यांची कुजते ती. तेच ना?”

‘हो’ म्हटलं असतं की संपलं असतं. अय्याज चहा पिऊन गेला असता. तेजू बापाकडे बघत होती.

“कुजली नव्हती,” गणराज म्हणाला. “मी तोडली होती.”

अय्याजला आधी कळलं नाही. मग त्याने वायरवरचा जोड पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि पिशवी हळूच खाली ठेवली.

वरून आईचा आवाज आला. ती गॅलरीच्या कठड्याला धरून वाकली होती. “गणा, झाली व्हय रं चालू? काय झालं हुतं तिला?”

“मी वायर तोडली होती, आई.”

“काय? ऐकू येत न्हाई. मोठ्यानं बोल की!”

गणराजने चावी फिरवून स्कूटर बंद केली. आजूबाजूच्या दोन-तीन गॅलऱ्यांत माणसं आली होती. तो पार्किंगच्या मध्यभागी आला, मान वर केली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.